‘बाळ हसलं’ असं दोघांनीही लिहिलं का? शिशुनिरीक्षणातली विश्वासार्हता, पायरीपायरीने

मोठ्या माणसाला प्रश्नावली भरायला देता येते, चार महिन्यांच्या बाळाला देता येत नाही. त्यामुळे शिशूंवरच्या संशोधनात मोजमापाचं साधन म्हणजे बघणारा माणूसच. एकच व्हिडिओ दोघांनी बघितला तर कागदावर दोन वेगळी बाळं उतरू शकतात. पुण्यात मानसशास्त्र, ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा बालरोगशास्त्राच्या प्रबंधासाठी पहिल्यांदाच अशा कामाला हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ‘कॅपा (दोन निरीक्षकांचं एकमत, योगायोगाने जुळलेलं वजा करून, सांगणारा आकडा) किती आला?’ हा प्रश्न बहुतेक जण सगळा डेटा गोळा झाल्यावर, सबमिशनच्या तोंडावर विचारतात. तोवर फार उशीर झालेला असतो. एकमत घडतं ते व्याख्या लिहिताना आणि त्यावर भांडताना. शेवटी ते फक्त मोजलं जातं.

बाळांची मोजमापं काटेकोरपणे घेणं पुण्याला नवं नाही. इथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा मातृपोषणाचा अभ्यास जवळच्या गावांमध्ये १९९३ साली सुरू झाला आणि त्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षं झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत वाढीचा जो अभ्यास केला (भारतातलं केंद्र दिल्लीत होतं), त्यात बाळाची लांबी दोघांनी स्वतंत्रपणे मोजायची आणि फरक ७ मिलिमीटरच्या वर गेला की दोघांनीही पुन्हा मोजायची, असा नियम होता. वजनासाठी ही मर्यादा १०० ग्रॅम होती. लांबीसाठी ही शिस्त कुणाला जाचक वाटत नाही. ‘बाळ अस्वस्थ वाटलं’ असं लिहिताना मात्र एका माणसाचा शब्द पुरेसा धरला जातो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

पायरी १: थोडंच टिपा

नवखा संशोधक पहिल्या मसुद्यात वीस-पंचवीस वर्तनं घालतो: हसणं, रडणं, बघणं, हात हलवणं, पाय मारणं, आवाज काढणं, बोट चोखणं… गाईडला यादी आवडते. कोडिंगला (व्हिडिओ बघून ठरलेल्या वर्तनांच्या नोंदी करायला) बसल्यावर दुसऱ्याच दिवशी डोळे दुखायला लागतात आणि प्रत्येक गोष्ट अर्धवट टिपली जाते. तुमच्या प्रश्नाला खरोखर लागणारी चार-पाच वर्तनं ठेवा. जास्त हवीच असतील तर व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघा, पण एका फेरीत एकच गोष्ट: आधी फक्त नजर, मग फक्त आवाज.

तयार, तपासलेली पद्धत तुमच्या कामाला बसत असेल तर नवी बनवायचा हट्ट धरू नका. नवजात बाळाच्या जागेपणाच्या सहा अवस्था (गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जागेपण, हालचालींसह जागेपण, रडणं) बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांच्या १९७३ च्या तपासणीत व्यवस्थित बांधलेल्या आहेत. ती तपासणी करण्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर आधी प्रशिक्षकाशी ९० टक्के एकमत दाखवावं लागतं. यावरून या क्षेत्रातले लोक किती गंभीर आहेत याचा अंदाज येईल.

पायरी २: व्याख्या. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

‘बाळ आनंदी आहे’ हा निष्कर्ष आहे. ‘ओठांचे कोपरे वर आणि बाहेर ओढले गेले, गाल उचलले गेले’ हे डोळ्यांना दिसतं. कोडबुकमध्ये (प्रत्येक वर्तनाची व्याख्या आणि नियम लिहिलेल्या वहीत) फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं लिहायचं. आनंद, भूक, हट्ट, कंटाळा हे शब्द पुढे चर्चेच्या प्रकरणात आले तर चालतील.

पण एका वाक्याची व्याख्या पुरत नाही. वाद सीमारेषेवर होतात. हसण्याचंच घ्या. झोपेत बाळ हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवतेय. तुमच्या कोडबुकलाही या हसण्याबद्दल काहीतरी मत असायलाच हवं. नवजात बाळ हलक्या झोपेत हसतं ते समोरच्या माणसाला दिलेलं उत्तर नसतं. माणसाकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला सुरू होतं. मग डोळे मिटलेले असतानाचं हसू धरायचं का? फक्त एकाच बाजूचा ओठ उचलला गेला तर? हसता हसता अर्धा सेकंद तोंड सरळ झालं आणि पुन्हा हसलं, तर ते एक हसू की दोन? कोडबुकमध्ये उत्तर काहीही असू द्या, पण असू द्या. उदाहरणार्थ: ‘डोळे उघडे असतानाच धरावे. मधला खंड एक सेकंदापेक्षा कमी असेल तर एकच धरावे. जांभईच्या आधी तोंड ताणलं जातं ते धरू नये.’

रडण्याचं आणखी अवघड. बाळाने भोकाड पसरलं की कुणालाच शंका नसते. किरकिर आणि रडणं यांच्यामधला पट्टा दोन निरीक्षकांना हमखास वेगळा करतो, आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे ते किरकिरीला रडणं म्हणायला जास्त वेळ घेतात, असं माझं निरीक्षण आहे. इथे कानाने ठरवता येईल असा नियम करा: आवाज सलग किती वेळ चालला, मध्ये श्वासापुरताच खंड होता का, डोळे घट्ट मिटलेले होते का.

नजरेच्या बाबतीत प्रामाणिक राहा. एका कॅमेऱ्यातून बाळ आईच्या डोळ्यांकडे बघतंय की नाकाकडे की कपाळावरच्या टिकलीकडे, हे कळत नाही. ‘चेहऱ्याकडे’ इतकंच लिहा. बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलेलं असेल तर व्हिडिओत पापणीची कड आणि बुबुळ वेगळं काढणं आणखी जड जातं. काजळ घालू नका असं संशोधनासाठी सांगायला जाऊ नका (तो डॉक्टरांचा विषय आहे आणि आजीशी वाद घालण्यात तुमची भेट संपेल). कॅमेरा जवळ आणा.

शेवटचा आणि सर्रास विसरला जाणारा कोड: ‘दिसत नाही’. दुपटं तोंडावर आलं, आईचा पदर आडवा गेला, बाळाने मान वळवली. यांना ‘हसलं नाही’ म्हणून नोंदवलंत तर तुम्ही न बघितलेली गोष्ट घडली नाही असं जाहीर करताय.

पायरी ३: घटना टिपायची की वेळेचे तुकडे?

निरीक्षणाच्या नमुनापद्धतींवर जीन आल्टमन यांचा १९७४ चा लेख आजही पाया मानला जातो. तो खरं तर प्राण्यांच्या वर्तनावरचा आहे, पण बाळांनाही लागू पडतो. थोडक्यात पर्याय असे: प्रत्येक घटनेची सुरुवात आणि शेवट टिपायचा, किंवा दर दहा सेकंदांच्या चौकटीत ‘घडलं/नाही’ लिहायचं, किंवा दर दहाव्या सेकंदाला त्या क्षणी काय चाललंय तेवढंच बघायचं.

चौकटींची पद्धत सोपी म्हणून सगळे तिकडे वळतात. तिचा धोका असा: मिनिटात सहा चौकटी. प्रत्येक चौकटीत बाळ एकेकच सेकंद हसलं तर सहाच्या सहा चौकटींवर खूण होते. प्रत्यक्षात हसणं सहा सेकंद, कागदावर मात्र पूर्ण मिनिट. किती वेळ हा तुमचा प्रश्न असेल तर या पद्धतीने उत्तर देऊ नका. व्हिडिओ हातात असताना सुरुवात-शेवट टिपणं केव्हाही चांगलं. त्यासाठी ईलॅन, बोरिस, डेटाव्ह्यू अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. महागडं काही विकत घेण्याची प्रबंधासाठी तरी गरज नाही.

पायरी ४: पुण्यातल्या घरात चित्रीकरण

आधी परवानग्या. तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. संमतीपत्रात दोन गोष्टी वेगळ्या विचारा: संशोधनासाठी चित्रीकरण, आणि हाच व्हिडिओ पुढे इतर निरीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरणं. काही आया पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही, तो त्यांचा हक्क आहे. आणि क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, ‘फक्त एकदा, मॅडमना दाखवायला’ म्हणूनसुद्धा नाही.

भेटीची वेळ ठरवताना विचारा: मालिश आणि आंघोळ किती वाजता? अनेक घरांत सकाळी मालिशवाल्या बाई येतात, बाळाला अंघोळ होते, दूध पिऊन ते जे झोपतं ते दोन-अडीच तास. तुम्ही अकराला पोहोचलात तर उत्तम दर्जाचा झोपेचा व्हिडिओ मिळेल. सगळ्या बाळांची भेट दूध पिण्यानंतर साधारण तेवढ्याच वेळाने ठेवा, नाहीतर भुकेचा फरक तुम्ही गटांमधला फरक म्हणून लिहाल.

गणपतीच्या आधी आठवडेच्या आठवडे संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीकाठच्या किंवा पेठांमधल्या घरी त्या वेळी गेलात तर लहान बाळ कितीदा दचकतं याची नोंद मिळेल, पण ती बाळाबद्दल कमी आणि पथकाबद्दल जास्त असेल. सकाळची वेळ घ्या.

आजीला खोलीबाहेर काढू नका. काढलंत तर आई अवघडते आणि बाळालाही ते कळतं. आजींना सांगा, ‘आजी, एवढी दहा मिनिटं खुळखुळा माझ्याकडे राहू द्या.’ तरी त्या मधूनच ‘बघ बघ, ताई आलीय’ म्हणतील. तो क्षण ‘बाहेरचा व्यत्यय’ म्हणून नोंदवा, कापून टाकू नका.

तांत्रिक बाब एकच, पण मोलाची: मोबाइलचा व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमदराने साठवला जातो. त्यामुळे दोन वेगळ्या संगणकांवर तोच क्षण वेगळ्या वेळेला दिसू शकतो आणि दोन निरीक्षक विनाकारण वेगळे पडतात. कोडिंगच्या आधी सगळ्या फाइल स्थिर फ्रेमदरात बदलून घ्या आणि दोघांनाही तीच बदललेली प्रत द्या.

पायरी ५: सराव आणि भांडणं

सरावाचे व्हिडिओ मुख्य अभ्यासातले नकोत. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत, किंवा निदान पाठीला पाठ लावून आणि हेडफोन घालून कोडिंग करायचं. शेजारी बसून केलेल्या कोडिंगमध्ये एकाची कळ वाजली की दुसऱ्याचं बोट आपोआप दाबलं जातं.

मग नोंदी शेजारी ठेवून फक्त मतभेद बघा. जिथे जुळलं त्यावर वेळ घालवू नका. प्रत्येक मतभेदाला तीनच कारणं असतात: एकाने बघितलंच नाही, दोघांनी बघितलं पण व्याख्या वेगळी लावली, किंवा व्याख्येत त्या प्रसंगासाठी काहीच नव्हतं. पहिल्यावर उपाय विश्रांती. सलग तासाभराहून जास्त कोडिंग करू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर उपाय कोडबुक. झालेला निर्णय तारखेसह कोडबुकमध्ये लिहा आणि आधीच्या सरावाच्या फाइल नव्या नियमाने पुन्हा करा.

या बैठकीत एक गोष्ट आपल्याकडे फार घडते. विद्यार्थिनी म्हणते ‘किरकिर’, गाईड म्हणतात ‘रडणं’, आणि कोडबुकमध्ये ‘रडणं’ जातं, कारण मॅडम म्हणाल्या. असं मिळालेलं एकमत दोन निरीक्षकांचं नसून एकाच निरीक्षकाचं असतं, दुसऱ्याने सही केलेली असते इतकंच. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने सगळ्यात शेवटी बोलावं, आणि शक्यतो कोडर म्हणून गाईड नसावेतच.

पायरी ६: निरीक्षकापासून काय लपवायचं

कॉन्ड्री आणि कॉन्ड्री यांचा १९७६ चा एक गाजलेला प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या एकाच बाळाची एकच फिल्म लोकांना दाखवली. काहींना सांगितलं मुलगा आहे, काहींना मुलगी. डब्यातून बाहुला उसळी मारून वर येतो तेव्हा बाळ बिथरतं. ‘मुलगा’ समजून बघणाऱ्यांना त्यात राग जास्त दिसला, ‘मुलगी’ समजणाऱ्यांना भीती.

म्हणून कोडरला बाळाचा गट (मुदतपूर्व जन्मलेलं की पूर्ण दिवसांचं, उपचार मिळालेलं की न मिळालेलं) कळता कामा नये. फाइलला नाव नको, क्रमांक द्या. चित्रीकरण करणारी व्यक्ती आणि कोडिंग करणारी व्यक्ती वेगळी ठेवा. मुलगा-मुलगी लपवणं कठीण असतं, कानातले डूल आणि फ्रॉक सगळं सांगतात. निदान घरच्यांना साधं झबलं घालायची विनंती करता येते. आवाजाची गरज नसेल तर तो बंद करून बघा. आई बाळाला नावाने हाक मारतेच, शिवाय आवाज बंद असला की नजरेचं कोडिंग जास्त चोख होतं.

पायरी ७: आकडा काढताना

टक्केवारीने सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. एक हिशोब मांडून दाखवते. दहा सेकंदांच्या १०० चौकटी, प्रश्न ‘हसलं का?’ दोघांनीही ‘नाही’ म्हटलं ९० चौकटींत, दोघांनी ‘हो’ म्हटलं २ मध्ये, फक्त पहिलीने ‘हो’ म्हटलं ४ मध्ये आणि फक्त दुसरीने ४ मध्ये. एकमत ९२ टक्के! प्रबंधात शोभून दिसेल.

आता नीट बघा. हसू दिसलं असं कुणीतरी म्हटलेल्या चौकटी दहा, त्यांपैकी जुळल्या दोन. बाळ बहुतेक वेळ हसतच नव्हतं, म्हणून ‘नाही-नाही’ने टक्केवारी फुगली. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा नेमकी हीच योगायोगाची सूज उतरवतो. प्रत्येकीने ‘हो’ म्हटलं ६ वेळा, म्हणजे केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.०६ × ०.०६ अधिक ०.९४ × ०.९४, एकूण ०.८८७२. प्रत्यक्ष एकमत ०.९२. फरक ०.०३२८, त्याला (१ − ०.८८७२) म्हणजे ०.११२८ ने भागा. कॅपा ०.२९.

तेच ९२ टक्के ‘आईच्या चेहऱ्याकडे बघणं’ यासाठी असतील, आणि दोघींचे ‘हो-हो’ ४६, ‘नाही-नाही’ ४६, उरलेले चार-चार, तर योगायोगाचा वाटा ०.५ आणि कॅपा ०.८४ येतो. टक्केवारी तीच, अर्थ पूर्ण वेगळा. म्हणून प्रत्येक वर्तनाचा कॅपा वेगळा द्या; सगळी वर्तनं एकत्र करून काढलेला एक मोठा आकडा दुबळ्या कोडला लपवतो. आणि दुर्मिळ वर्तनासाठी कॅपासोबत वरची चारही घरं (‘हो-हो’, ‘नाही-नाही’, फक्त पहिलीचं ‘हो’, फक्त दुसरीचं ‘हो’) छापा.

फक्त एकूण बेरजा जुळवणं ही आणखी एक फसवी वाट. दोघींनी दहा मिनिटांत बारा-बारा हसू मोजली, पण ती बारा एकच होती का? घटनांच्या वेळा जुळवूनच एकमत ठरवा. किती सेकंदांचा फरक चालेल (एक किंवा दोन) हे आधी लिहून ठेवा, आकडा बघून नंतर नको.

कालावधीसाठी कॅपा नको. इंट्राक्लास कोरिलेशन (सेकंदांसारख्या मोजलेल्या आकड्यांचं एकमत सांगणारं माप) वापरा, त्याचे प्रकार श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये मांडले आहेत. त्यातला ‘पूर्ण जुळणी’ तपासणारा प्रकार निवडा. साधं पिअर्सन कोरिलेशन (दोघांचे आकडे एकत्र वर-खाली होतात का एवढंच बघणारं) इथे दगा देतं: एक निरीक्षक प्रत्येक हसू दोन सेकंद लांब टिपत असेल तरी ते १, म्हणजे पूर्ण, येईल. तीन-चार सेकंदांच्या हसण्यात दोन सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नाही. निरीक्षक दोनापेक्षा जास्त असतील तर फ्लाइस यांचा १९७१ चा कॅपा आहे.

‘किती आला म्हणजे चांगला?’ लँडिस आणि कॉक यांच्या १९७७ च्या तक्त्यात ०.६१ ते ०.८० ला भरीव आणि त्यापुढे जवळजवळ पूर्ण एकमत म्हटलंय. त्या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत, हे त्यांनीच मान्य केलंय. ०.६० आला म्हणून रडू नका आणि ०.६२ आला म्हणून पेढे वाटू नका. चार घरं बघा आणि चूक कुठे होतेय ते शोधा.

पायरी ८: काम सुरू झाल्यावर

सरावात जुळलं म्हणजे कायमचं जुळलं असं होत नाही. महिन्याभरात प्रत्येकीच्या डोक्यात व्याख्या हळूच सरकते. साधारण २० टक्के व्हिडिओ दोघींनी कोड करायचा प्रघात आहे: ४० बाळं असतील तर आठ. ही आठ चिठ्ठ्या टाकून निवडा, सगळ्या वयांतली आणि गटांतली येतील अशी, आणि कामाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी अशी पसरा. कुठला व्हिडिओ तपासणीचा आहे हे पहिलीला कळू देऊ नका. तपासणी होतेय हे माहीत असताना निरीक्षक जास्त काटेकोर असतात आणि एकटे सोडले की सैलावतात, हे १९७० मध्येच दाखवलं गेलंय.

दोघी मिळून एकाच दिशेला सरकल्या तर? कॅपा उत्तम राहतो आणि डेटा बिघडतो. त्यासाठी सुरुवातीला नीट चर्चा करून ठरवलेल्या दोन-तीन क्लिप राखून ठेवा आणि दर काही आठवड्यांनी दोघींना त्या पुन्हा करायला लावा. जोडीदार नसेल, एकटीनेच काम करायची वेळ असेल, तर दोन आठवड्यांच्या अंतराने स्वतःचेच व्हिडिओ पुन्हा कोड करा. पण ते दुसऱ्या निरीक्षकाच्या जागी चालत नाही, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

मतभेद चर्चेने मिटवून मग त्या मिटवलेल्या नोंदींवर कॅपा काढणं ही सरळ लबाडी आहे. कॅपा चर्चेच्या आधीच्या नोंदींवरच काढायचा.

पायरी ९: प्रबंधात काय लिहायचं

निरीक्षक किती, त्यांना प्रशिक्षण कसं दिलं, त्यांना काय माहीत नव्हतं, किती टक्के व्हिडिओ दोनदा कोड झाले, ते कसे निवडले, प्रत्येक वर्तनाचा आकडा आणि वेळेची सूट (घटना जुळवताना चालवून घेतलेला सेकंदांचा फरक) किती. विश्लेषणात कुणाच्या नोंदी घेतल्या तेही लिहा. हे काम सुरू होण्याआधीच ठरवलेलं असावं. एखादा कोड शेवटपर्यंत जुळलाच नाही तर तो गाळा किंवा शेजारच्या कोडमध्ये मिसळा (‘किरकिर’ आणि ‘रडणं’ मिळून ‘त्रासलेला आवाज’), आणि तसं केल्याचं सांगा. परीक्षक याबद्दल गुण कापतील अशी भीती असते. प्रत्यक्षात सगळे आकडे ०.९ च्या वर दिसले की जाणता परीक्षक तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच विचारतो. परिशिष्टात कोडबुक पूर्ण लावा: बदलांच्या तारखा, सीमारेषेवरची उदाहरणं आणि गाळलेले कोड यांच्यासकट.